सातपुड्याचं जंगल कोणत्या महिन्यात मोजावं?

मार्चमधलं यावल-रावेर भागाचं उपग्रह चित्र उघडलं, की वर सातपुड्याची पट्टी तपकिरी दिसते आणि पायथ्याशी हिरवेगार चौकोन. नवख्याला वाटतं, डोंगर उजाड झाला. प्रत्यक्षात ते चौकोन केळीचे मळे असतात आणि त्या तपकिरी पट्टीत साग, सालई, धावडा पानं गाळून उभे असतात. खान्देशातलं बहुतेक जंगल शुष्क पानझडी आहे. इथे उपग्रह कोणता, त्याआधी महिना कोणता ते विचारायचं.

जिवंत पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं, हा झाला एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा. समजा नोव्हेंबरात सागाच्या दाट तुकड्यावरून तांबडा ४ टक्के परतला आणि अवरक्त ३० टक्के. २६ भागिले ३४, म्हणजे ०.७६. पानगळीनंतर तोच तुकडा १४ आणि २४ देईल. १० भागिले ३८, म्हणजे ०.२६. कुऱ्हाड न लागता आकडा तिसऱ्या हिश्श्यावर!

पावसाळ्यात उलटी अडचण. ढग तर असतातच, शिवाय गवत, मका, कपाशी सगळंच हिरवं. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ चांगला: गवत वाळू लागलेलं असतं, सागाची पानं अजून झाडावर असतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्थाही वनआच्छादनाच्या नकाशांसाठी मुख्यतः ऑक्टोबर-डिसेंबरचीच चित्रं घेते. केळी वेगळी काढायची तर जोडीला एप्रिलचं चित्र घ्यावं. जंगलाचा आकडा तोवर कोसळलेला असतो, उभ्या केळीचा नसतो.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. चित्रातली एक चौकट (पिक्सेल) १० मीटरची, म्हणजे हेक्टरात १०० चौकटी, आणि दर ५ दिवसांनी नवं चित्र. वातावरणाचा परिणाम काढलेली प्रतच घ्यावी, ढग आणि त्यांच्या सावल्या वगळाव्यात, आणि नोव्हेंबरची तुलना नोव्हेंबरशीच करावी. तीही एका वर्षाशी नाही, मागच्या चार-पाच वर्षांच्या मध्यकाशी. २०१८ साली महाराष्ट्रात दुष्काळ होता, २०१९ मध्ये ऑक्टोबर संपेपर्यंत अवकाळी कोसळत राहिला. ही दोनच वर्षं शेजारी ठेवली तर जंगल वाढल्याचा खोटा आनंद होतो. ०.१५ पेक्षा मोठी घट आणि निदान दहा सलग चौकटींचा डाग, एवढं असेल तरच पुढे तपासावं. हा उंबरठा आपापल्या वनखंडाप्रमाणे कमी-जास्त करावा लागतो.

एक सापळा निव्वळ आकडेमोडीचा आहे. सेंटिनेल-२ च्या चित्रात ४ टक्के हे ४०० असे, शंभरपट करून लिहिलेले असतात, आणि २५ जानेवारी २०२२ पासून अशा प्रत्येक मूल्यात १००० मिळवून दिले जातात. ते वजा न करता जुन्या-नव्या चित्रांची तुलना केली तर ४०० आणि ३००० या जोडीचे १४०० आणि ४००० होतात आणि ०.७६ चा आकडा ०.४८ वर येतो. संपूर्ण सातपुडा एका रात्रीत विरळ झाल्यासारखा दिसला, तर पहिला संशय इथे घ्यावा.

पण खरी घट दिसली तरी ती तोड असेलच असं नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागावर अळी पडते. ती शिरा तेवढ्या ठेवून पानाची जाळी करते आणि वरून अख्खा उतार करपल्यासारखा दिसतो. पुढच्या पावसाळ्यात उभ्या झाडांवर नवी पालवी आली, तर ती अळी होती. घाणेरीच्या झुडपाचं याच्या नेमकं उलट. मोठी झाडं गेलेल्या जागी ती माजते आणि आकडा मात्र चांगला दाखवते.

म्हणून डागापर्यंत पायी जाणं टळत नाही. झाडोऱ्याखाली मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतं, त्यामुळे डागाच्या कडेला न थांबता मध्यावर जावं. ३१.६ मीटर बाजूचा चौरस आखला की ०.१ हेक्टर होतो. त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजावा, उतारावर असाल तर वरच्या बाजूला उभं राहून. खुंट वेगळे मोजावेत, आणि त्यांना फुटवे आहेत का तेही लिहावं. सागाचा खुंट पहिल्याच पावसात फुटतो. फुटव्यांची पानं चांगली मोठी असतात, त्यामुळे काही वर्षांतच एनडीव्हीआय जवळजवळ पूर्ववत होतो, लाकूड मात्र परत आलेलं नसतं.

ही उणीव पानं पाहणाऱ्या उपग्रहाला कळत नाही, लांब लहरींच्या रडारला कळू शकते. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची ५.६ सेंटिमीटरची लहर बहुतांशी पानं आणि बारीक फांद्यांवरूनच परतते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या इस्रो-नासाच्या निसार या रडार उपग्रहाची २४ सेंटिमीटरची लहर पानांतून आत शिरून जाड फांद्या आणि खोडांपर्यंत पोचते. दर १२ दिवसांनी, ढग असोत वा रात्र. धडगाव-अक्कलकुव्याच्या तीव्र उतारांवर मात्र रडारकडे तोंड केलेली बाजू चित्रात आखूड आणि उजळ होते. तिथे उतारांची दुरुस्ती केल्याशिवाय आकडा वापरू नये.