फितीवर पडलेला चेंडू

१८७२ सालच्या ३० नोव्हेंबरला, शनिवारी दुपारी, स्कॉटलंडमधल्या पार्टिक इथल्या एका क्रिकेटच्या मैदानावर दोन खांबांमध्ये फीत ताणून बांधली होती. गोलवर आडवी दांडी लावण्याची पद्धत अजून रुळायची होती. चेंडू फितीखालून गेला तर गोल, वरून गेला तर काही नाही. सामना संपत आला असताना यजमानांच्या रॉबर्ट लेकीने मारलेला चेंडू नेमका फितीच्या वर जाऊन पडला. त्याआधी पूर्वार्धातही स्कॉटलंडने एक गोल झाल्याचा दावा केला होता, पण चेंडू फितीवरून गेला असं पंचांचं मत पडलं. सामना ०-० असा सुटला. फुटबॉलचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना म्हणून जगभर मान्य झालेला सामना तो हाच, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड.

‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द इथे जरा सांभाळून घ्यावा लागतो. ही दोन्ही शेजारी राज्यं १६०३ पासून एकाच राजाच्या छत्राखाली होती. १७०७ मध्ये त्यांच्या संसदाही एक झाल्या. १८७२ मध्ये दोन्हीकडे राणी व्हिक्टोरियाचंच राज्य होतं आणि नाणंही एकच चालत होतं. पण स्कॉटलंडचे कायदे वेगळे, चर्च वेगळं, शाळा वेगळ्या, आणि इंग्लंडशी झालेल्या जुन्या लढायांची आठवण तर फारच वेगळी. संयुक्त कुटुंबात चूल एक असली तरी कुणाचं माहेर कुठलं हे कुणी विसरत नाही, तसंच काहीसं. ही भावना जागी असल्यामुळेच एका देशातल्या दोन संघांची लढत ‘दोन राष्ट्रांची’ म्हणून लोकांना पटली.

खेळ दोन्हीकडे जुना होता आणि दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना नकोसा झालेला होता. लंडनच्या महापौराने १३१४ मध्ये शहरात फुटबॉल खेळायला मनाई केली. स्कॉटलंडच्या पहिल्या जेम्स राजाने १४२४ मध्ये कायदा करून खेळणाऱ्याला चार पेन्सचा दंड ठेवला. लोकांनी तो कायदा किती मानला असेल, ते सांगायला नको. खेळ चालूच राहिला, गावोगावच्या निरनिराळ्या धुडगूस घालणाऱ्या रूपांत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बड्या निवासी शाळांनी त्याला आपापले नियम लावले. मग निरनिराळ्या शाळांतून शिकलेली मुलं एकत्र खेळू लागली की भांडणं ठरलेली. त्यावर तोडगा म्हणून २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमधल्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये बैठक झाली आणि फुटबॉल असोसिएशन जन्माला आली. चेंडू हातात घेऊन पळू द्यायला हवं म्हणणारे काही दिवसांनी बाहेर पडले. तिकडून पुढे रग्बी.

या सगळ्याला दोन देशांच्या सामन्याचं रूप देणारा माणूस म्हणजे चार्ल्स अल्कॉक. हॅरो शाळेत शिकलेला, उत्तम खेळाडू, वर्तमानपत्रांत लिहिणारा, आणि १८७० पासून असोसिएशनचा सचिव. एफए कपची, म्हणजे असोसिएशनच्या चषक स्पर्धेची, कल्पना त्याचीच, १८७१ मधली. १८७२ मध्ये तो सरे क्रिकेट क्लबचाही सचिव झाला आणि १८८० मध्ये इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला क्रिकेट कसोटी सामना ओव्हलवर घडवून आणण्यातही त्याचा हात होता. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या वाचकाने हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. असा एखादा खटपट्या सचिव मिळाला की संस्था चालतात, नाहीतर ठरावांच्या वह्या भरतात.

अल्कॉकने मार्च १८७० ते फेब्रुवारी १८७२ या काळात लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड-स्कॉटलंड असे पाच सामने भरवले. तीन इंग्लंडने जिंकले, दोन बरोबरीत सुटले. पण स्कॉटलंडच्या नावाने उतरलेले बहुतेक खेळाडू लंडनमध्येच राहणारे होते. कुणाची आजी स्कॉटिश, कुणाची तिकडे जमीन. पहिल्या सामन्यात तर पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा मुलगा, स्वतः खासदार असलेला, स्कॉटलंडकडून खेळला. तिकडून कुरकुर सुरू झाली, की हा कसला स्कॉटलंड? अल्कॉकने ‘ग्लासगो हेरल्ड’मध्ये पत्र लिहून स्कॉटलंडमधल्या खेळाडूंना जाहीर आवाहन केलं, या आणि खेळा. प्रतिसाद तुटपुंजा होता. तिथे रग्बीच्या वळणाचा खेळ जास्त रुजलेला होता. पाच रग्बी क्लबांच्या कप्तानांनी उलट आव्हान दिलं, आमच्या नियमांनी खेळून दाखवा. त्यातून २७ मार्च १८७१ रोजी एडिनबरोच्या रेबर्न प्लेस मैदानावर रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि तो स्कॉटलंडने जिंकला. म्हणजे फुटबॉलच्या पहिल्या सामन्याआधी रग्बीचा पहिला सामना होऊन गेला, तोही फुटबॉलवाल्यांवरच्या रागातून.

स्कॉटलंडमध्ये असोसिएशनच्या नियमांनी खेळणारा नाव घेण्याजोगा क्लब एकच होता, ग्लासगोचा क्वीन्स पार्क. स्थापना ९ जुलै १८६७. स्वतःचं बंदिस्त मैदान नाही, प्रतिस्पर्धी जेमतेम, त्यामुळे बऱ्याचदा आपसातच दोन तट पाडून खेळायचं. या क्लबने पहिल्यावहिल्या एफए कपमध्ये नाव घातलं. मार्च १८७२ मध्ये उपांत्य सामन्यासाठी लंडनला जायचं तर भाड्याचे पैसे नव्हते, ते वर्गणी काढून उभे केले. समोर अल्कॉकचा वाँडरर्स संघ, त्या काळातला सर्वांत बलाढ्य. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. पुन्हा खेळायचं तर पुन्हा लंडनला राहायचा खर्च. तो परवडेना, म्हणून क्वीन्स पार्कने माघार घेतली आणि वाँडरर्स अंतिम फेरीत गेले. हरले नाहीत, पैसे संपले म्हणून घरी परतले. पण ग्लासगोची पोरं आपल्याला रोखू शकतात हे लंडनने पाहिलं होतं.

ऑक्टोबर १८७२ मध्ये असोसिएशनने ठराव केला, की स्कॉटलंडमध्ये आपल्या खेळाचा प्रसार व्हावा म्हणून या मोसमात ग्लासगोला संघ पाठवायचा. स्कॉटलंडची स्वतःची असोसिएशन तेव्हा नव्हतीच, त्यामुळे यजमानपण आपोआप क्वीन्स पार्ककडे आलं. एका क्लबने राष्ट्राच्या वतीने सगळा संसार मांडला. मैदान घेतलं वेस्ट ऑफ स्कॉटलंड क्रिकेट क्लबचं, हॅमिल्टन क्रेसेंट. पार्टिक तेव्हा ग्लासगो शहरात मोडत नव्हतं. भाडं दहा पौंड, आणि तिकिटाचा गल्ला पन्नास पौंडांवर गेला तर आणखी दहा. दिवस निवडला संत अँड्र्यूचा, म्हणजे स्कॉटलंडच्या पालक संताचा. तिकीट एक शिलिंग, बायकांना फुकट.

संघनिवडीची जबाबदारी कप्तान रॉबर्ट गार्डनरवर. त्याला लंडनकडचे दोन नामवंत हवे होते, आर्थर किनेअर्ड आणि लष्करी इंजिनिअरांच्या संघातला हेन्री रेनी-टेल्यर. दोघेही येऊ शकले नाहीत. शेवटी अकराच्या अकरा जण क्वीन्स पार्कचे निघाले. अंगात क्लबचाच गडद निळा सदरा, छातीवर सिंह, डोक्याला लाल टोपडं. स्कॉटलंडचा निळा रंग आजही तोच आहे. खुद्द क्वीन्स पार्कने मात्र वर्षभरात काळे-पांढरे आडवे पट्टे घेतले. इंग्लंडचे सदरे पांढरे. त्यांचे अकरा जण नऊ क्लबांतून गोळा केलेले, कप्तान ऑक्सफर्डचा बावीस वर्षांचा कथबर्ट ऑटवे. अल्कॉकला दुखापत झालेली, त्यामुळे ज्या सामन्यासाठी एवढी खटपट केली त्यात त्याला बाजूला उभं राहून पंचगिरी करावी लागली.

तीन दिवस पाऊस झालेला. मैदान जड, पाय रुतणारं. सुमारे चार हजार लोक जमले होते, आणि खेळ ठरल्या वेळेपेक्षा थोडा उशिरा, सव्वादोनच्या सुमाराला सुरू झाला. गोलला जाळी नाही, पेनल्टी नाही. दोन्ही संघांचा एकेक पंच, आणि त्यांचं जमलं नाही तर निवाडा करायला तिसरा.

खरी गंमत मांडणीत होती. इंग्लंडने आठ जण आघाडीला ठेवले होते, मागे फक्त दोघे आणि गोलरक्षक. त्यांच्याकडे खेळाची रीतच ती होती: चेंडू पायात घोळवत एकट्याने मुसंडी मारायची आणि बाकीच्यांनी मागून धावायचं, चेंडू निसटला तर झडप घालायला. अंगापिंडानेही ते स्कॉटिशांपेक्षा भारी होते. क्वीन्स पार्कने सहा आघाडीला आणि चार मागे ठेवले. एकमेकांची सवय झालेली पोरं, वर्षानुवर्षं आपसात खेळलेली. अंगबळात आपण कमी पडणार हे माहीत असल्यावर चेंडू सोबत्याकडे सरकवणं हा साधा व्यवहार होता. ‘पासिंगचा जन्म त्या दिवशी झाला’ असं मोठ्या थाटात लिहिलेलं वाचायला मिळतं. ते मला जरा जास्त वाटतं. त्या दिवशीही स्कॉटलंडच्या विल्यम करने इंग्लिश थाटात एकट्याने चेंडू नेऊन टाळ्या घेतल्याच. पण संघ म्हणून खेळण्याची ती रीत पुढच्या दहा वर्षांत क्वीन्स पार्कने पक्की केली, आणि तिचं मूळ त्या एकाच क्लबच्या अकरा जणांत आहे, एवढं नक्की.

उत्तरार्धात दोन्ही संघांनी आपले गोलरक्षक बदलले. गार्डनर स्वतः गोल सोडून पुढे खेळायला गेला, तिकडे रॉबर्ट बार्करनेही विल्यम मेनार्डशी जागा बदलली. आज एखाद्या गल्लीतल्या सामन्यात चालावं असं हे, पण कुणाला वावगं वाटलं नाही. मग लेकीचा तो चेंडू, फीत, आणि खेळ संपला. लोक खूश होते. गल्ला शंभर पौंडांच्या वर गेला, म्हणजे जादा दहा पौंड भाडं भरूनही हाती बरंच उरलं. छायाचित्र मात्र एकही नाही. छायाचित्रकार आला होता, पण प्रती विकत घ्यायची हमी खेळाडू देईनात म्हणून तो निघून गेला, असं सांगतात. आपल्याकडे उरली आहेत ती ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात छापलेली रेखाचित्रं.

परतीचा सामना ८ मार्च १८७३ रोजी ओव्हलवर झाला. इंग्लंडने तो ४-२ असा जिंकला. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला पहिला अधिकृत गोल इथला, सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांतच विल्यम केन्यन-स्लेनीने केलेला. आणि हा केन्यन-स्लेनी जन्मला होता राजकोटला, १८४७ मध्ये. त्याचे वडील मुंबई इलाख्याच्या सैन्यात घोडदळाचे अधिकारी होते. स्कॉटलंडचा पहिला गोल केला हेन्री रेनी-टेल्यरने, म्हणजे पार्टिकला येऊ न शकलेल्या त्याच इंजिनिअराने. त्याचा जन्म मसुरीचा. दोन्ही देशांचे पहिले गोल हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसांच्या पायांतून निघाले. यात आपल्याला मिरवण्यासारखं काही नाही, कंपनी सरकारच्या चाकरीतल्या घरांतली ती मुलं. पण त्या काळातल्या साहेबाच्या खेळाची पाळंमुळं शोधायला लागलं की छावणी आणि घोडदळ कुठेतरी लागतंच.

पाचच दिवसांनी, १३ मार्च १८७३ रोजी, ग्लासगोत स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. अल्कॉकला स्कॉटलंडमध्ये आपल्या असोसिएशनचा प्रसार हवा होता; झाला तो खेळाचा, असोसिएशन मात्र तिकडच्यांनी स्वतःची काढली. पुढे वेल्स आणि आयर्लंडचंही तसंच झालं. १८८६ पासून नियम ठरवायला या चारही असोसिएशनांचं मंडळ बसू लागलं. फिफा १९०४ मध्ये स्थापन झाली तेव्हा हे चौघे आधीच आपापली घरं थाटून बसले होते. ऑलिंपिकला ब्रिटनचा एकच चमू दिसतो आणि विश्वचषकात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे का, असं आजही बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर या काही वर्षांत आहे.

मैदानावर तर इंग्लंडची पुरती दैना उडाली. १८७४ ते १८८७ या चौदा वर्षांतल्या चौदा सामन्यांत इंग्लंडला जिंकता आला तो एकच, १८७९ चा, तोही ५-४. १८७८ मध्ये स्कॉटलंडने ७-२ ने धुतलं, १८८१ मध्ये ओव्हलवर ६-१ ने. त्या ६-१ च्या सामन्यात स्कॉटलंडचा कप्तान होता अँड्र्यू वॉटसन, ब्रिटिश गयानात जन्मलेला कृष्णवर्णीय खेळाडू, तोही क्वीन्स पार्कचाच. मग इंग्लिश क्लबांनी स्कॉटिश खेळाडूंना पैसे मोजून बोलवायला सुरुवात केली, आणि धंदेवाईक फुटबॉलची वेगळीच गोष्ट तिथून सुरू होते.

फितीची जागा पुढे लाकडी दांडीने घेतली, १८८२ पासून ती सक्तीची झाली. पार्टिकच्या त्या मैदानावर आजही क्रिकेट खेळतात. दोन महायुद्धांचा काळ सोडला तर इंग्लंड-स्कॉटलंड सामना १९८९ पर्यंत वर्षानुवर्षं होत राहिला. १९३७ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर तो पाहायला दीड लाखाच्या आसपास माणसं होती. पण त्या पहिल्या दुपारसारखा ०-० असा निकाल या दोघांच्या सामन्यात पुन्हा लागला तो थेट १९७० च्या एप्रिलमध्ये, सत्त्याण्णव वर्षांनी, तोही ग्लासगोतच.