स्वयंचलित वातानुकूलन, मोटारीतील : अनपेक्षित वर्तन

मोटारीच्या आतील तापमान चालकाने नेमून दिलेल्या अंशावर राखण्यासाठी थंड व गरम हवेचे प्रमाण, पंख्याचा वेग आणि झोताची दिशा स्वतःच ठरवणाऱ्या व्यवस्थेला स्वयंचलित वातानुकूलन, किंवा गाड्यांच्या माहितीपत्रकांत रूढ झालेल्या नावाने क्लायमेट कंट्रोल, असे म्हणतात. कोणी हात न लावता पंखा वाढणे वा मंदावणे, एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने कोमट हवा येणे, बंद केलेला एसी आपोआप सुरू होणे, अशा प्रकारांना येथे अनपेक्षित वर्तन म्हटले आहे. त्यांतील बरेचसे वर्तन बिघाडातून आलेले नसते. यंत्रणेला जी आज्ञा आणि जी माहिती मिळाली, तिचे ते तंतोतंत पालन असते. हा भेद लक्षात न घेता प्रत्येक तक्रारीवर ‘गॅस भरून घ्या’ हाच उपाय सुचवला जातो आणि मूळ कारण तसेच राहते.

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या सुमारास कारखान्यातून बसवलेले वातानुकूलन ग्राहकांना देऊ केले; तापमान नेमून देता येणारी स्वयंचलित व्यवस्था कॅडिलॅकच्या १९६४ सालच्या गाड्यांत आली.

कार्यतत्त्व : कॉम्प्रेसर शीतक वायू दाबतो, गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होताना आतल्या हवेतील उष्णता शोषली जाते. पेट्रोल व डिझेल गाड्यांत गरम हवेसाठी इंजिनाच्या पाण्याची उष्णता वापरतात. या दोन हवांचे मिश्रण एक झडप करते. साध्या एसीत ती झडप चालकाच्या हातातील खुंटीने फिरते, तर स्वयंचलित व्यवस्थेत ती एका छोट्या मोटरने फिरते आणि किती फिरायचे हे नियंत्रक ठरवतो. त्यासाठी त्याच्याजवळ आतील तापमानाचा, बाहेरील तापमानाचा, उन्हाचा आणि कूलिंग कॉइलच्या तापमानाचा असे सेन्सर असतात. फलकावरील २४ हा आकडा जाळीतून येणाऱ्या हवेचे तापमान दाखवत नाही. तो गाठायचा मुक्काम असतो. बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे.

मे महिन्याच्या दुपारी परभणीत पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे आतील तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकते. अशा वेळी गाडी सुरू करताच पंखा पूर्ण वेगाने घोंघावतो, अनेक गाड्यांत बाहेरची हवा बंद होऊन आतलीच हवा फिरू लागते, आणि नेमलेले तापमान जवळ आले की पंखा मंदावतो. पंखा मंदावला की ‘एसी थकला’ असे समजून आकडा १८ वर नेला जातो. गाडी सुरू करतानाच आकडा १८ वर नेला तरी गारवा लवकर मिळत नाही, कारण तेव्हा यंत्रणा आधीच पूर्ण शक्तीने चालत असते. फक्त ती थांबते उशिरा. ‘लो’ या टोकाच्या खुणेवर मात्र बहुतेक गाड्यांत तापमान राखण्याचे काम सुटते आणि अखंड कमाल थंडावा मिळत राहतो.

ऊन मोजणारा सेन्सर डॅशबोर्डच्या वरच्या बाजूस, काचेलगत, काळ्या बटणासारखा दिसतो. आपल्याकडे नेमकी हीच जागा गणपतीच्या किंवा विठोबाच्या मूर्तीची, टोलच्या पावत्यांची आणि डॅशबोर्डवर अंथरलेल्या मखमली कापडाची. सेन्सर झाकला गेला की नियंत्रकाच्या लेखी गाडी सावलीत असते. आकडा बरोबर दिसतो, पण ऊन अंगावर घेणाऱ्या प्रवाशाला थंडावा अपुरा वाटतो. ज्या गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूचे ऊन वेगळे मोजले जाते, त्यांत दुपारनंतर नांदेडहून लातूरकडे जाताना चालकाच्या बाजूने अधिक थंड हवा आली तर त्यात दोष नाही.

बाहेरील तापमानाचा सेन्सर पुढच्या बंपरच्या आत असल्याने गाडी उभी असताना इंजिनाच्या आणि डांबराच्या धगीने तो फुगवलेला आकडा सांगतो, आणि गाडीने काही अंतर वेगाने कापल्यावरच आकडा खाली येतो. आतील तापमानाचा सेन्सर एका बारीक जाळीमागे असतो आणि त्याच्याकडे हवा ओढून घेतली जाते. कच्च्या रस्त्यांच्या धुळीने ती जाळी बुजली की नियंत्रकाला बदल उशिरा कळतो आणि गाडी कधी अतिथंड, कधी उबदार होत राहते.

खरे बिघाड : शीतक वायू बंद नळ्यांत फिरतो आणि वापराने संपत नाही, तो कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला वायू पुन्हा जाणारच. लहान गाडीत तो साधारण अर्धा किलो असतो आणि वजनाने मोजूनच भरावा लागतो. अंदाजाने जास्त भरल्यास दाब वाढतो आणि ऐन उन्हात दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. थंडावा वाढवण्यासाठी केलेला खर्च थंडावा घालवतो.

महामार्गावर थंड लागणारी हवा रेल्वे फाटकाशी थांबताच कोमट होत असेल, तर आधी कंडेन्सर आणि त्याचा पंखा पाहावा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरातील तंतू आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा कंडेन्सरच्या पात्यांत अडकून हवेचा मार्ग अडवतात. पाण्याच्या हलक्या धारेने तो धुतला तरी बराच फरक पडतो. कन्नड घाटासारख्या चढावर मात्र थंडावा क्षणभर कमी होणे वेगळे : पूर्ण शक्ती मागितली की अनेक गाड्यांत इंजिन काही सेकंद कॉम्प्रेसर सोडून देते. इंजिन जास्त तापल्यावरही तसेच होते. तेव्हा तापमानाच्या काट्याकडे पाहणे शहाणपणाचे.

तास-दीड तास उत्तम चालून हवेचा झोतच क्षीण होणे, आणि दहा-पंधरा मिनिटे एसी बंद ठेवताच तो पूर्ववत होणे, हे कूलिंग कॉइलवर बर्फ जमल्याचे लक्षण आहे. कॉइलचा सेन्सर चुकत असतो, वायू कमी असतो किंवा केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी चाळणी, धुळीने भरलेला असतो. फिल्टर सर्वांत स्वस्त. म्हणून तोच आधी काढून पाहावा. एका बाजूने गरम, दुसरीने थंड हवा आणि डॅशबोर्डमागून टकटक आवाज असेल, तर झडपेच्या मोटरचे दाते झिजलेले असण्याचा संभव असतो. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर काही गाड्यांतील नियंत्रक झडपांच्या जागा विसरतो. चावी फिरवून, बटणे न दाबता थोडा वेळ दिल्यास तो झडपा टोकापर्यंत फिरवून त्या पुन्हा ठरवतो.

पावसाळ्यात समोरच्या काचेचा झोत लावला की एसी आपोआप सुरू होतो आणि बाहेरची हवा आत येऊ लागते, कारण कूलिंग कॉइल हवेतील ओल काढून घेते आणि कोरडी हवा काचेवरील वाफ उडवते. वाफ काचेच्या बाहेरून धरली असेल तर उपाय उलटा आहे : काच जास्त थंड झालेली असते, म्हणून तापमान वाढवून वायपर फिरवावा. हवेच्या जाळ्यांतून निघणारे पांढरे धुके धूर नसते, आणि उभ्या गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी कॉइलवर जमलेली ओलच असते. दमट दिवशी हे पाणी खाली पडत नसेल आणि पुढच्या प्रवाशाच्या पायाखालची चटई ओली होत असेल, तर निचऱ्याची नळी चिखलाने बुजलेली असते.