स्पॅनिश बालगीते
स्पॅनिश बालगीते : स्पेन व स्पॅनिशभाषक अमेरिकेत मुलांसाठी गाइलेली किंवा मुलांनीच खेळताना म्हटलेली, मुख्यत्वे मौखिक परंपरेची गीते. अंगाईगीते (स्पेनमध्ये ‘नाना’, कॅनरी बेटे व अर्जेंटिना येथे ‘आरोर्रो’), फेराची गाणी, दोरीवरच्या उड्यांची गाणी, राज्य कोणावर हे ठरवण्याची गणनागीते आणि बडबडगीते हे त्यांचे ढोबळ प्रकार. स्पेनमधील अनेक नानांत सात व पाच अक्षरांच्या ओळी आलटून पालटून येतात. फेराच्या कथागीतांत सहा किंवा आठ अक्षरांची ओळ रूढ आहे.

सर्वाधिक प्रसृत अंगाईत, बाळ झोपले नाही तर ‘कोको’ येऊन त्याला खाईल, अशी धमकी असते. कोको म्हणजे तिकडचा बागुलबुवा. दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तो ‘कुको’ होतो. या गीताचा एक जुना पाठ सतराव्या शतकातील एका धार्मिक नाटकात आढळतो. शब्दाची व्युत्पत्ती मात्र वादग्रस्त आहे. कोशकार कोवार्रुबियास याने १६११ च्या आपल्या कोशात मुलांना भिववणारी आकृती असा अर्थ देऊन त्याचा संबंध बायबलमधील हामचा पुत्र कूश याच्याशी जोडला. ही व्युत्पत्ती आज कोणी स्वीकारत नाही. काही अभ्यासक पोर्तुगाल व वायव्य स्पेनमधील गॅलिशिया येथील ‘कोका’ या उत्सवी राक्षसिणीकडे बोट दाखवतात. हा मुळात बालभाषेतला ध्वन्यनुकारी शब्द असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. स्पॅनिशमध्ये नारळालाही ‘कोको’ म्हणतात; पण नारळावरून बागुलबुवाला हे नाव मिळाले, हा समज कालक्रमात बसत नाही. कारण वास्को द गामा भारतात येण्यापूर्वीच, पंधराव्या शतकातील कवी आन्तोन दे मोन्तोरो याच्या रचनेत पाळण्यातल्या मुलांना भिववणारा कोको आलेला आहे. घडले ते बहुधा उलट. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या औषधिविषयक ग्रंथात, नारळाच्या तीन डोळ्यांमुळे तो माकडाच्या किंवा तत्सम प्राण्याच्या तोंडासारखा दिसतो म्हणून पोर्तुगीजांनी त्याला ‘कोको’ म्हटले, असे नोंदवले आहे. चित्रकार गोया याच्या १७९९ मधील ‘काप्रिचोस’ या चित्रमालिकेतील तिसरे चित्र याच कोकोचे असून त्यात तो नखशिखान्त कापडात गुंडाळलेला आहे. कवी लोर्का याने १९२८ मध्ये माद्रिदमध्ये अंगाईगीतांवर व्याख्यान दिले. कोकोची जादू त्याच्या अस्पष्टपणातच आहे, आणि मुलांच्या पहिल्या झोपेसाठी स्पेन अत्यंत दुःखी चाली वापरतो, असे त्याचे प्रतिपादन होते.

फेराच्या गीतांत इतिहास विरघळलेला दिसतो. ‘माम्ब्रू लढाईवर गेला’ मधील माम्ब्रू म्हणजे इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो. १७०९ मधील मालप्लाकेच्या लढाईत तो पडल्याची अफवा उठली आणि फ्रेंच सैनिकांनी त्याच्यावर विडंबनगीत रचले, असे सामान्यतः मानतात. प्रत्यक्षात तो १७२२ पर्यंत जगला. त्याच घाटाचे अंत्ययात्रागीत सोळाव्या शतकात फ्रेंच सरदार ड्यूक ऑफ गीझ याच्यावर होते, त्यामुळे सांगाडा जुना असावा. चाल धर्मयुद्धांच्या काळात अरबांकडून आली, या मताला भक्कम आधार नाही. स्पेनचा राजा बारावा अल्फोन्सो याची राणी मेर्सेदेस जून १८७८ मध्ये, विवाहानंतर अवघ्या पाच महिन्यांत वारली. त्यावरचे मुलींच्या फेरातले गीतही नवे नव्हे. मृत पत्नीच्या छायेशी बोलणाऱ्या स्वाराच्या जुन्या ‘रोमान्से’त (कथागीतात) फक्त राजाचे नाव घातले गेले.

संकलनात रोद्रिगेस मारीन याचा स्पॅनिश लोकगीतांचा पंचखंडात्मक संग्रह (१८८२-८३) महत्त्वाचा. त्यात अंगाई व बालगीते आरंभीच येतात.

विसाव्या शतकात ज्ञात कवींची गीते लोकगीतांत मिसळली. ‘पिल्ले म्हणतात पीओ पीओ’ हे सर्वत्र अनामिक समजले जाणारे गीत चिलीच्या इस्माएल पार्रागेस याचे मानतात. चिलीचीच कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल हिने ‘तेर्नुरा’ (१९२४) मध्ये अंगाई हा प्रौढ काव्यप्रकार म्हणून हाताळला. मेक्सिकोत गाबिलोन्दो सोलेर याने १९३४ पासून रेडिओवर ‘क्री-क्री’ या गाणाऱ्या रातकिड्याच्या रूपात गीते सादर केली. अर्जेंटिनाच्या मारिया एलेना वाल्श (१९३०-२०११) हिच्या गीतातील मानुएलिता ही कासवीण पेवाहो गावाहून पॅरिसला निघते. त्या गावाच्या प्रवेशाशी तिचा पुतळा आहे.