आठवड्याचा पहिला दिवस

येशूला वधस्तंभावर दिलं ते इ.स. ३० किंवा ३३ च्या वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमारास. पंतय पिलात तेव्हा यहूदीयाचा रोमन सुभेदार होता (इ.स. २६ ते ३६). अटकेच्या रात्री शिष्य पळाले आणि त्यांच्यातल्या पेत्राने तीनदा येशूची ओळख नाकारली, हे शुभवर्तमानांनी, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांनी, लपवलेलं नाही. त्या काळचा अनुभव पाहता गोष्ट इथेच संपायची. थुदास नावाच्या एकाने यार्देन नदी दुभंगून दाखवतो असं सांगून लोक जमवले होते. सुमारे ४५ साली रोमन घोडदळाने त्याचं शिर कापून यरुशलेमला नेलं आणि ती चळवळ विझली. १३५ मध्ये रोमविरुद्धच्या बंडाचा नेता बार कोखबा पडला, तेव्हा त्याला मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, मानणाऱ्यांची आशाही तिथेच संपली. म्होरक्या मारला गेला की लोक घरी परतत, नाहीतर दुसरा म्होरक्या शोधत. येशूच्या अनुयायांकडे तर त्याचा भाऊ याकोब होता. तो यरुशलेममधल्या अनुयायांच्या मंडळीचा प्रमुखही झाला. पण त्याला मसीहा कुणी म्हटलं नाही. ती जागा रिकामी झाली आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं.

याचं कारण ‘पुनरुत्थान’ या शब्दात आहे: मेलेला येशू उठला, असं ते म्हणत. मराठीत हा शब्द पुनर्जन्माच्या इतका जवळचा ऐकू येतो की वाचक हमखास फसतो. इथे आत्म्याने नवा देह घेणं अभिप्रेत नाही, आणि देह मागे टाकून आत्मा अमर होणंही नाही. मूळ ग्रीक शब्द ‘अनास्तासिस’, म्हणजे उठून उभं राहणं: मेलेल्या माणसाने देहासकट उठणं, आणि पुन्हा कधीही न मरणं. युगाच्या अंती देव मृतांना असं उठवील, ही अपेक्षा इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या छळापासून यहुदी समाजात मूळ धरून होती. दानीएलच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ती स्पष्ट येते. परूशी हा यहुदी पंथ ती मानत असे, मंदिरातला सदूकी पंथाचा पुरोहितवर्ग मानत नसे. अनुयायांनी नवं म्हटलं ते एवढंच: जे सर्वांचं शेवटी व्हायचं, ते एकाचं आधीच झालं.

यरुशलेमच्या कबरी पाहिल्या की हा देहाचा आग्रह समजतो. प्रेत खडकात कोरलेल्या खोलीत ठेवायचं, वर्षभरात मांस झडलं की हाडं गोळा करून दगडी पेटीत भरायची. पेटीची लांबी मांडीच्या हाडाएवढी. १९६८ मध्ये शहराच्या उत्तरेला अशा एका पेटीत येहोहानान नावाच्या माणसाच्या टाचेचं हाड सापडलं, सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा खिळा आरपार गेलेलं. वधस्तंभावर मेलेल्याला घरच्यांच्या कबरीत जागा मिळू शकत होती, याचा हा हाती धरता येणारा पुरावा. अशा शहरात ‘तो उठला’ म्हणणं म्हणजे त्याची पेटी कधीच भरली जाणार नाही, असं म्हणणं.

सर्वांत जुनी लेखी साक्ष शुभवर्तमानांची नाही, आधी विरोधक असलेल्या आणि मग प्रचारक झालेल्या पौलाची आहे. इफिसहून सुमारे ५४ साली करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला लिहिताना तो एक यादी देतो: येशू मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला), बारा जणांना, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, याकोबाला, सर्व प्रेषितांना आणि शेवटी मला दिसला. हे मला जसं मिळालं तसं तुम्हांला दिलं, असंही सांगतो. त्याला ते बहुधा तीसच्या दशकातच मिळालं असावं, कारण आपल्या परिवर्तनानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमला पेत्राकडे पंधरा दिवस राहिला होता. ‘तिसरा दिवस’ धरताना शुक्रवार आणि रविवार दोन्ही मोजायचे. नाहीतर हिशेब दीड दिवसावर येतो. या यादीत एकाही स्त्रीचं नाव नाही. चारही शुभवर्तमानांत मात्र कबरीवर आधी पोचतात त्या स्त्रियाच, आणि तेही स्त्रियांची साक्ष हलकी मानणाऱ्या समाजात. कथा रचायला बसलेल्या माणसाने बहुधा वेगळे साक्षीदार निवडले असते. इतिहासाची मर्यादाही इथेच येते. ही श्रद्धा फार लवकर, त्याच शहरात उभी राहिली, हे इतिहास सांगू शकतो. कबरीत काय घडलं, हा श्रद्धेचा प्रांत.

अनुयायांमधलं परिवर्तन म्हटलं की धैर्याच्या गोष्टी निघतात. माझ्या मते सवयी जास्त बोलक्या आहेत. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळणारी माणसं आठवड्याच्या पहिल्या दिवशीही, म्हणजे येशू उठला त्या रविवारी, जमू लागली. त्या दिवशी कुणालाच सुट्टी नसे. मग एकतर रात्री जमायचं, नाहीतर उजाडण्यापूर्वी. त्रोवसला पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं आणि खिडकीत बसलेला एक तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून पडला, ती रात्र याच दिवसाची. सुमारे ११२ साली बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेआधी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. सरकारी सुट्टी आली ती थेट ३२१ मध्ये, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकुमाने.

पाण्याचंही तसंच. पौल बाप्तिस्म्याला, म्हणजे पाण्याने होणाऱ्या दीक्षेला, येशूबरोबर पुरलं जाणं म्हणतो. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराला ठेवल्या जाणाऱ्या ‘दिदाखे’ या नियमपुस्तिकेत कृती नेमकी आहे: वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, थंड जमत नसेल तर कोमट, दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आधी एक-दोन दिवस उपास.

सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. थेस्सलनीकात काहीजण मेले आणि मागे राहिलेले हादरले: प्रभू येशू परत येण्याआधीच गेलेल्यांचं काय? सुमारे ५० साली पौलाला त्यासाठी पत्र लिहावं लागलं. करिंथात अडचण उलटी होती. ग्रीक वळणाच्या मंडळींना आत्म्याचं अमरत्व चालत होतं, पण प्रेत उठणार ही कल्पना किळसवाणी वाटत होती. पौलाने बियाण्याचा दाखला दिला: पेरतो ते एक, उगवतं ते वेगळं, तरी धागा तोच.

धैर्याबद्दल बोलायचंच तर मोजून बोलावं. बाराही प्रेषित, म्हणजे येशूचे निवडक शिष्य, हुतात्मे झाले, हे सर्रास सांगितलं जातं. पुरावा तितका नाही. जब्दीचा मुलगा याकोब राजा हेरोद अग्रिप्पाच्या हातून सुमारे ४४ साली मारला गेला. येशूचा भाऊ याकोब ६२ मध्ये दगडमाराने गेला, हे योसेफस हा यहुदी इतिहासकार नोंदवतो. पेत्र आणि पौल सम्राट नीरोच्या काळात रोममध्ये मारले गेले, ही परंपरा जुनी आणि बळकट आहे. बाकीच्यांच्या कथा बऱ्याच उशिराच्या. थोमाची भारतातली कथा सविस्तर सांगणारा सर्वांत जुना ग्रंथही तिसऱ्या शतकातला. पण पळालेला पेत्र त्याच शहरात, त्याच अधिकाऱ्यांसमोर उभा राहिला, हे समजायला बारा हुतात्म्यांची गरज पडत नाही.

ही श्रद्धा विरोधकांनाही नीट उमगली होती. १७७ मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) ल्योंला ख्रिस्ती लोकांना ठार केल्यावर प्रेतं सहा दिवस उघड्यावर टाकली, मग जाळली आणि राख रोन नदीत लोटली. यांना पुन्हा उठण्याची आशाच उरू नये, हा हेतू मारणाऱ्यांनी बोलून दाखवला. त्याआधी मागे राहिलेल्यांनी रात्रीच्या अंधारात प्रेतं मिळवायचा प्रयत्न केला, पहारेकऱ्यांना पैसे देऊ केले, विनवण्या केल्या. काहीच हाती लागलं नाही. हे सारं या मागे राहिलेल्यांनीच आशिया आणि फ्रुगिया (आजच्या तुर्कस्तानातले प्रांत) इथल्या मंडळ्यांना पत्राने कळवलं, आणि पुरायला काही मिळालं नाही म्हणून झालेलं दुःखही त्यात लपवलं नाही.