रिकॉइल (व्हिडिओ गेम)

खरी बंदूक गोळी सुटताना खांद्याला दणका देते आणि तिची नळी वर उसळते. नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये या दणक्याची जी नक्कल केलेली असते तिला खेळाडू रिकॉइल म्हणतात. पडद्यासमोर बसलेल्याच्या खांद्याला काही लागत नाही, म्हणून गेम तो दणका नेमावर काढतो. फायरचे बटण दाबून ठेवले की गोळ्या नेमापासून वर आणि बाजूला सरकत जातात.

जुन्या गेममध्ये ही अडचणच नव्हती. 'डूम'मध्ये (१९९३) वर-खाली बघताच येत नसे. शत्रू समोरच्या रेषेत आला की तो उंचावर असला तरी गोळी त्याला लागे. माउसने चहूकडे पाहायची सोय रुळली आणि नेम हे हाताचे कसब झाले.

या कसबाची खरी तालीम 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये होते. मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ' या गेमवर तो उभारला आणि २००० मध्ये वाल्व कंपनीने बाजारात आणला. या मालिकेतल्या 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह'मध्ये (२०१२) एके-४७ च्या मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीला जोडलेल्या गोळ्यांच्या पेटीत, ३० गोळ्या असतात आणि बटण सोडलेच नाही तर ते ३ सेकंदांत रिकामे होते. माउस न हलवता एखाद्या भिंतीवर सगळ्या गोळ्या झाडून पाहाव्यात. पहिली भोके एकावर एक चढत जातात, मग ती रांग आडवी फुटते आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुलते. नवे मॅगझिन भरून पुन्हा झाडले तरी भिंतीवर जवळपास तीच नक्षी उमटते. या गेमचे मोठेपण इथेच आहे. नक्षी ठरलेली असल्यामुळे ती पाठ करता येते. तिच्या उलट दिशेने माउस ओढत गेले की गोळ्या एका जागी पडू लागतात. यालाच स्प्रे कंट्रोल म्हणतात आणि तो अंगवळणी पडायला महिनोन् महिने जातात.

नक्षीत थोडा विस्कळीतपणाही मिसळलेला असतो. त्याला स्प्रेड म्हणतात आणि तो कितीही सराव केला तरी जात नाही. म्हणून लांबच्या शत्रूवर जाणता खेळाडू एकेक-दोनदोनच गोळ्या टाकतो. एके-४७ ची एकच गोळी डोक्यात बसली तर हेल्मेट असूनही शत्रू मरतो, त्यामुळे ही काटकसर परवडते.

पळता पळता झाडलेल्या गोळ्या फारच फाकतात. उजवीकडे धावणारा खेळाडू थांबण्यासाठी कीबोर्डवरचे उजवीकडे नेणारे 'डी' बटण नुसते सोडत नाही, क्षणभर डावीकडे नेणारे 'ए' दाबतो. त्याने वेग तिथल्या तिथे मरतो आणि नेमकी त्याच क्षणी गोळी सुटावी लागते. या युक्तीला काउंटर-स्ट्रेफिंग म्हणतात.

महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांची रिकॉइलशी पहिली गाठ मात्र फोनवर पडली, आधी 'पबजी मोबाइल'मध्ये आणि सप्टेंबर २०२० च्या बंदीनंतर २०२१ मध्ये आलेल्या 'बीजीएमआय' या त्याच्या भारतीय आवृत्तीमध्ये. इथे उजवा अंगठा काचेवर खाली ओढून उसळी आवरतात, शिवाय बंदुकीला उसळी कमी करणारे कॉम्पेन्सेटर (नळीच्या टोकाला) आणि ग्रिप (नळीखालची मूठ) हे सुटे भाग लावतात. जायरो, म्हणजे फोन कसा कलतो ते ओळखणारा सेन्सर, चालू असेल तर अंगठ्याचे बरेचसे काम मनगट करते. फोनची वरची कड किंचित पुढे झुकवली की नेम खाली येतो. प्रत्येक स्कोपची (बंदुकीवरच्या दुर्बिणीची) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बोट किंवा फोन हलला की नेम किती सरकावा ते, वेगळी ठेवता येते आणि फोन बदलला की हे आकडे बहुधा नव्याने बसवावे लागतात.