मग्यार कुपा

मग्यार कुपा, अर्थात हंगेरियन चषक, ही हंगेरीतल्या फुटबॉल क्लबांची राष्ट्रीय पातळीवरची बाद पद्धतीची स्पर्धा आहे. हंगेरियन फुटबॉल महासंघ ती भरवतो. पहिली स्पर्धा १९०९–१० च्या हंगामात झाली आणि बुडापेस्टच्या एमटीके या क्लबने ती जिंकली. ‘मोल’ ही तेल कंपनी प्रायोजक असल्याने अलीकडे तिचे नाव ‘मोल मग्यार कुपा’ असे लिहिले जाते. हँडबॉल आणि वॉटरपोलोतही याच नावाच्या स्पर्धा आहेत. ही नोंद फुटबॉलपुरती आहे.

स्पर्धेने शंभरी ओलांडली असली तरी तिची वाटचाल सलग नाही. हंगेरीत खरा मान लीगचा, म्हणजे ‘एनबी १’ या अव्वल श्रेणीच्या विजेतेपदाचा. चषकाकडे महासंघाने आणि मोठ्या क्लबांनीही अनेकदा दुय्यम काम म्हणून पाहिले. कधी युद्धामुळे, तर कधी वेळापत्रकात जागाच नसल्यामुळे ती वर्षानुवर्षे भरली नाही. या दुर्लक्षाचा फायदा मात्र छोट्या गावांना झाला. लीगच्या विजेत्यांची यादी वाचली तर मुख्यतः बुडापेस्ट शहराचीच ओळख होते. चषकाच्या यादीत शोप्रोन, शिओफोक, बेकेशचाबा, केचकेमेत, पाक्श अशी गावे भेटतात.

स्वरूप

सुरुवात जिल्हा पातळीवर होते. स्थानिक चषकांतून पुढे आलेले हौशी संघ प्राथमिक फेऱ्या खेळतात, मग खालच्या राष्ट्रीय श्रेणींतले संघ त्यात मिसळतात आणि मुख्य फेऱ्यांत एनबी १ मधले क्लब उतरतात. सोडतीत दोन वेगवेगळ्या श्रेणींतले संघ समोरासमोर आले, तर सामना खालच्या श्रेणीतल्या संघाच्या मैदानावर होतो. स्पर्धेतली सगळी गंमत या एका नियमात आहे. एरवी दूरचित्रवाणीवरच दिसणारे खेळाडू त्या दिवशी गावच्या मैदानावर, गावकऱ्यांच्या हाताच्या अंतरावर खेळायला येतात. मोठा क्लब बहुतेक वेळा राखीव खेळाडूंना संधी देतो, आणि धक्कादायक निकालांची बीजे तिथेच पडतात.

बरोबरी झाली की जादा वेळ आणि मग पेनल्टी शूटआऊट. पूर्वी अनिर्णित अंतिम सामना पुन्हा खेळवला जाई. एकविसाव्या शतकात मधली काही वर्षे शेवटच्या टप्प्यांतल्या लढती घरच्या आणि परक्या मैदानावर अशा दोन सामन्यांत विभागल्या गेल्या. अंतिम फेरीलाही हा प्रयोग लावून पाहिला. २००८ मध्ये देब्रेत्सेनने पहिल्याच सामन्यात होनवेदचा ७–० असा धुव्वा उडवला, आणि दुसरा सामना केवळ उपचार उरला. बाद स्पर्धेतली अनिश्चितता घालवायची असेल तर याहून चांगला मार्ग नाही. पुढे अंतिम फेरी पुन्हा एकाच सामन्यावर आली.

राजधानीची मक्तेदारी

पहिल्या महायुद्धाआधीच्या पाच स्पर्धांपैकी चार एमटीकेने आणि एक फेरेंत्सवारोशने जिंकली. दोघेही बुडापेस्टचे, आणि दोघांतले वैर तेव्हाच्या हंगेरियन फुटबॉलचा कणा होते. युद्धकाळात स्पर्धा बंद पडली ती १९२१–२२ मध्येच पुन्हा सुरू झाली. तोवर त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश शेजाऱ्यांकडे गेला होता. साहजिकच देशातले फुटबॉल आणखीच राजधानीत एकवटले. १९२६ मध्ये किशपेश्तने चषक घेतला, पण ते गावही बुडापेस्टला लागूनच होते आणि पुढे शहरातच विलीन झाले.

राजधानीबाहेर चषक पहिल्यांदा गेला तो १९३० मध्ये. देब्रेत्सेनच्या बोचकाई संघाने सेगेदच्या बाश्त्या संघाला ५–१ असे हरवले. म्हणजे अंतिम सामन्यातले दोन्ही संघ पूर्व आणि दक्षिण हंगेरीतल्या शहरांचे होते.

१९३३ चा अंतिम सामना मात्र वेगळ्याच कारणाने लक्षात राहिला. फेरेंत्सवारोशने उयपेश्तचा ११–१ असा पराभव केला. हरणारा संघ कच्चा असता तर हा आकडा कोणी फारसा मनावर घेतला नसता. पण उयपेश्त हा त्याच वर्षीचा लीग विजेता होता. फेरेंत्सवारोशही तितक्याच तयारीचा. आदल्या हंगामात त्याने लीगमधले बावीसच्या बावीस सामने जिंकले होते. देशातल्या दोन सर्वांत बलाढ्य संघांपैकी एकाने दुसऱ्यावर अकरा गोल करणे, तेही अंतिम सामन्यात, ही आजही पटकन खरी न वाटणारी गोष्ट आहे. उयपेश्तच्या कपाळी चषक जणू लिहिलेलाच नव्हता. १९३० ते १९४७ या काळात लीग आठ वेळा जिंकणाऱ्या या क्लबला पहिला चषक मिळायला १९६९ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी हा संघ युरोपातल्या फेअर्स कपच्या अंतिम फेरीतही पोहोचला होता.

१९३५ नंतर स्पर्धा पुन्हा थांबली आणि दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४०–४१ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी रेल्वेच्या आश्रयाखालच्या सोलनोक संघाने बाजी मारली. पुढची तीन वर्षे फेरेंत्सवारोशची. यातला १९४४ चा अंतिम सामना नकाशा समोर ठेवून वाचावा लागतो. फेरेंत्सवारोशसमोर होता कोलोझवारचा संघ. हे शहर म्हणजे आजच्या रुमानियातले क्लुज. १९४० मध्ये उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला जोडला गेल्याने तिथले क्लब हंगेरियन स्पर्धांत खेळू लागले होते. पहिला सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात बुडापेस्टकरांनी चषक राखला. युद्ध संपताच सीमा पुन्हा सरकली आणि कोलोझवारचे नाव या स्पर्धेतून गेले.

सुवर्णकाळ आणि रिकामा रकाना

हंगेरियन फुटबॉल म्हटले की जगाला पन्नाशीच्या दशकातला राष्ट्रीय संघ आठवतो. १९५२ चे ऑलिंपिक सुवर्ण, १९५३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडवर ६–३ असा विजय, १९५४ च्या विश्वचषकाचे उपविजेतेपद. या संघाचा गाभा होनवेद क्लबचा. किशपेश्तलाच १९४९ मध्ये सैन्याच्या ताब्यात देऊन हा क्लब उभा केला होता, आणि पुश्काश, बोझिक, कोचिश, चिबोर ही मंडळी त्यात एकत्र खेळत होती. असे असूनही पुश्काशच्या काळातल्या होनवेदच्या नावावर एकही हंगेरियन चषक नाही.

याचे मुख्य कारण म्हणजे त्या काळात चषक जेमतेमच खेळला गेला. १९४४ नंतरचा पुढचा विजेता थेट १९५२ चा, आणि यादीत त्याचे नाव ‘बाश्त्या’ असे दिसते. सेगेदच्या जुन्या संघाशी त्याचा संबंध नाही. हा एमटीकेच. कम्युनिस्ट राजवटीत क्लब वेगवेगळ्या सरकारी खात्यांना वाटून दिले गेले आणि त्यांची नावे बदलली. एमटीके आधी बाश्त्या आणि मग ‘वोरोश लोबोगो’, म्हणजे लाल झेंडा झाला. फेरेंत्सवारोश काही वर्षे ‘किनिझी’ होता. उयपेश्तला ‘दोझा’ हे नाव चिकटले. जुन्या याद्या चाळताना हे ठाऊक नसेल तर एकाच क्लबचे दोन-तीन क्लब होतात.

त्यानंतरची स्पर्धा १९५२ ते १९५५ अशी रेंगाळली. तिच्या अंतिम सामन्यात होनवेद पोहोचला आणि वाशाश या कामगार क्लबाने त्याला ३–२ असे हरवले. पुश्काशच्या पिढीला चषकाची एवढी एकच संधी मिळाली म्हणायची. पुढची स्पर्धा १९५५ मध्ये सुरू होऊन १९५८ मध्ये संपली. मध्ये १९५६ चा उठाव झाला. होनवेदचा संघ त्या वेळी युरोपात सामने खेळत होता. पुश्काश, कोचिश आणि चिबोर मायदेशी परतलेच नाहीत. १९५८ मध्ये फेरेंत्सवारोशने चषक घेतला आणि त्यानंतर पुन्हा सहा वर्षे खंड.

१९६४ मध्ये स्पर्धा परत आली, तेव्हा विजेता ठरला होनवेदच. पुश्काश तेव्हा माद्रिदमध्ये होता.

गावांचा चषक

१९६४ पासून स्पर्धेला जरा शिस्त आली आणि तिचा तोल राजधानीबाहेर झुकू लागला. वायव्येकडच्या ग्यॉर शहराच्या संघाने १९६५, १९६६ आणि १९६७ असा सलग तीनदा चषक नेला. दिओशग्यॉर या पोलादनगरीच्या संघाने लीग कधीच जिंकली नाही. त्याची मोठी कमाई म्हणजे १९७७ आणि १९८० चे दोन चषक.

पण १९८४ सालच्या शिओफोकची गोष्टच निराळी. बलाटोन सरोवराकाठचे हे गाव उन्हाळ्यात पर्यटकांनी फुलते. फुटबॉलसाठी त्याची ख्याती नव्हती. संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. अंतिम सामन्यात समोर होता ग्यॉर, ज्याने १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षे लीग जिंकलेली. शिओफोकने त्याला २–१ ने हरवले. त्यामुळे पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीतून आलेला हा विजेता युरोपियन कप विनर्स कपमध्ये उतरला आणि ग्रीसच्या लारिसाकडून पहिल्याच फेरीत बाहेर पडला.

यानंतर असे निकाल येतच राहिले. १९८८ मध्ये बेकेशचाबाने होनवेदला, १९९० मध्ये पेचनेही होनवेदलाच अंतिम सामन्यात पाणी पाजले. २००५ मध्ये शोप्रोनने फेरेंत्सवारोशवर ५–१ असा विजय मिळवला. २०११ मध्ये केचकेमेतने त्या वर्षीच्या लीग विजेत्या विदेओतोनला ३–२ ने हरवले. देब्रेत्सेनला मात्र या पंगतीत बसवता येणार नाही. १९९९ ते २०१३ या काळात त्याने सहा चषक जिंकले, आणि २०१२ मध्ये लीग आणि चषक दोन्ही घरी नेले; तो त्या काळातला देशातला सर्वांत प्रबळ संघ होता.

सगळ्यांत ताजे उदाहरण पाक्शचे. डॅन्यूबकाठचे हे छोटे शहर हंगेरीच्या एकमेव अणुवीज प्रकल्पासाठी ओळखले जाते. तिथल्या क्लबने फक्त हंगेरियन खेळाडू खेळवायचे असे धोरण ठेवले आहे. बाकीचे क्लब परदेशी खेळाडू विकत घेत असताना ही हौसच म्हणायची, असे सुरुवातीला अनेकांना वाटे. मग २०२४ च्या अंतिम सामन्यात पाक्शने फेरेंत्सवारोशला जादा वेळेत २–० असे हरवले. फेरेंत्सवारोश तेव्हा वर्षामागून वर्षे लीग जिंकत होता आणि त्याच्या संघात निरनिराळ्या देशांचे खेळाडू होते. पाक्शचा हा पहिलाच मोठा करंडक. २०२५ मध्ये तेच दोन संघ पुन्हा समोर आले. या वेळी १–१ अशी बरोबरी झाली आणि पाक्शने पेनल्टींवर ४–३ अशी बाजी मारली. आदल्या वर्षीचा विजय नशिबाचा होता म्हणणाऱ्यांना त्यानंतर फारसे बोलता आले नाही. त्याआधी, २०२३ मध्ये, झालाएगेरसेगने दुसऱ्या श्रेणीतल्या बुदाफोकला नमवून आपला पहिला चषक मिळवला होता. म्हणजे सलग तीन वर्षे चषक राजधानीबाहेर राहिला.

एकूण गोळाबेरीज अर्थातच जुन्यांच्या बाजूने आहे. २०२४–२५ च्या हंगामाअखेर फेरेंत्सवारोशच्या नावावर २४ चषक आहेत. त्यामागे एमटीके १२, उयपेश्त ११ आणि होनवेद ८ हे बुडापेस्टचेच क्लब, आणि मग ६ चषकांसह देब्रेत्सेन. एमटीकेचा शेवटचा चषक २००० सालचा.

युरोपचे दार

विजेत्याला युरोपियन स्पर्धेत प्रवेश मिळतो. १९६० ते १९९९ या काळात तो कप विनर्स कपचा होता, आता युरोपीय क्रमवारीप्रमाणे युरोपा लीग किंवा कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेऱ्यांचा. कप विनर्स कपमध्ये दोन हंगेरियन संघांनी अंतिम फेरी गाठली आणि दोघेही हरले. यातली एमटीकेची कथा थोडी विनोदी आहे. १९६४ मध्ये हा संघ चषकविजेत्यांच्या स्पर्धेत शेवटपर्यंत गेला आणि लिस्बनच्या स्पोर्टिंगकडून फेरसामन्यात हरला. पण ज्या काळासाठी त्याला प्रवेश मिळाला, त्या काळात हंगेरीत चषक झालेलाच नव्हता. १९७५ मध्ये बाझेल शहरात डायनामो कीवकडून ०–३ ने हरलेला फेरेंत्सवारोश मात्र रीतसर १९७४ चा चषक जिंकून आला होता.

अंतिम सामन्याचे मैदान

अंतिम सामन्याला कायमचे घर असे नव्हते. १९५३ मध्ये उघडलेले बुडापेस्टचे नेपस्टेडियम, ज्याला २००२ मध्ये पुश्काशचे नाव दिले, हे त्यातले प्रतिष्ठेचे ठिकाण. ते पाडून त्याच जागी सुमारे ६७ हजार प्रेक्षकांची पुश्काश अरेना बांधली गेली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली. मधल्या वर्षांत फेरेंत्सवारोशच्या ग्रुपामा अरेनावर काम भागवावे लागले. नव्या मैदानावरचा पहिला अंतिम सामना ३ जून २०२० रोजी, कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर झाला. युरोपात बहुतेक ठिकाणी मैदाने रिकामी किंवा बंद असताना इथे प्रेक्षकांना आत सोडले होते. होनवेदने मेझोकोवेश्दला २–१ असे हरवून आठवा चषक घेतला. तीनच वर्षांनी, २०२३ मध्ये, होनवेद पहिल्या श्रेणीतून खाली घसरला.