आईची खाट आत हवी

कमी दिवसांचं बाळ जन्मलं की ते काचेच्या पेटीत जातं आणि ओली बाळंतीण दुसऱ्या वॉर्डात, नाहीतर घरी. आपल्याकडे अजून अनेक ठिकाणी हेच घडतं. "तिला आराम पडू दे," असं घरचे मायेनंच म्हणतात. पण बाळाला नेमकी तेव्हाच तिच्या अंगाची ऊब हवी असते.

बाळाच्या अंगावर चरबी चढते ती गरोदरपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत. मानेभोवती आणि पाठीवर खांद्यांच्या मध्ये साठलेली तपकिरी चरबी जळते आणि बाळ उबदार राहतं. मोठ्यांसारखं कुडकुडणं त्याला जमत नाही. ३७ आठवड्यांआधी आलेल्या बाळाकडे हा साठा तुटपुंजा, त्यात कातडी पातळ. मग पोटात गेलेलं दूध अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडतं आणि वजन वाढत नाही.

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांच्यापुढे पेट्या कमी आणि बाळं जास्त, अशी अडचण होती. एका पेटीत दोन-दोन बाळं, त्यातून जंतुसंसर्ग. त्यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवून कापडानं बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत.

पेट्यांच्या टंचाईतून निघालेला हा उपाय बरीच वर्षं गरिबाघरची सोय मानला गेला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांत ३,२११ बाळांवर अभ्यास केला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. वजनं १ ते १.८ किलोच्या आतली. बाळ स्थिरावेपर्यंत वाट पाहिलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांत शंभरातली जवळपास १६ बाळं दगावली. जन्मानंतर लगेच छातीवर घेतलेल्या गटात १२. त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात आणली होती. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माझ्या मते दाराबाहेर थांबवलेल्या प्रत्येक आईसाठी एवढा पुरावा पुरेसा आहे.

छातीवर घेताना बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. मान एका बाजूला वळलेली, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. दिवसाला किमान आठ तास, जितका जास्त वेळ तितकं चांगलं. आई दमली तर बाबा, आजी, मावशी कुणीही बसावं.

घरी आल्यावर शेजारच्या बाळाशी तुलना सुरू होते. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी त्याची मान, बसणं, हसणं चार महिन्यांच्या हिशेबानं पाहायचं. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.